13 मीटरची गच्ची आणि एक अँटेना

जुन्या घरामागे दोन झाडं होती. त्यांच्यामध्ये माझ्या हौशी रेडिओचा 40 मीटर बँडचा (त्या तरंगलांबीच्या पट्ट्याचा) डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली तार, चार वर्षं निमूट टांगलेला होता आणि तोवर अँटेना हा विचार करण्याचा विषय आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. 11 जानेवारी 2025 ला आम्ही पाचव्या मजल्यावर राहायला आलो. डायपोल गुंडाळून पिशवीत आणि पिशवी पलंगाखाली गेली. तार 20 मीटरची, बाल्कनी 3 मीटर 40 सेंटीमीटरची.

पुढचे चार महिने मी काय काय केलं, कुठे चुकले आणि शेवटी काय टांगलं ते लिहून ठेवतेय. फ्लॅटमध्ये राहणारे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, हेच प्रश्न विचारतात, आणि मिळणारी उत्तरं बहुतेक अंगण असलेल्यांची असतात.

पहिलं काम अँटेनाचं नव्हतंच. माझ्या परवान्यावर स्टेशनचा पत्ता छापलेला आहे. तो बदलून घेण्यासाठी अर्ज, नव्या पत्त्याचा पुरावा आणि जुन्या परवान्याची प्रत दिली. पोचपावती त्याच दिवशी हातात आली, सुधारित परवाना 24 दिवसांनी. तोवर ट्रान्समिट करायचं नाही असं ठरवलं आणि खिडकीतून लोंबणाऱ्या चार मीटर तारेवर नुसती ऐकत बसले. पोचपावती जपून ठेवा, पुढे इमारतीच्या समितीनेही तीच मागितली.

या रिकाम्या दिवसांत एक शहाणपणाचं काम झालं. मागच्या दोन वर्षांचं लॉगबुक, म्हणजे दुसऱ्या स्टेशनांशी झालेल्या संपर्कांची नोंद, काढून बँडनुसार मोजलं. एकूण 412 संपर्क: 40 मीटरवर 171, 20 मीटरवर 148, 10 मीटरवर 52, 15 मीटरवर 31 आणि 80 मीटरवर फक्त 10. त्याआधी माझ्या वहीत लिहिलेलं होतं, "80 ते 10, सगळे बँड हवेत." आकडे बघून जरा ओशाळल्यासारखं झालं. दहा संपर्कांसाठी 40 मीटर लांब डायपोलची स्वप्नं बघत होते! 80 तिथेच खोडला. 10 मीटर मात्र ठेवायचा होता. सूर्यावरच्या डागांच्या 25व्या चक्राने 2024 मध्ये शिखर गाठलं होतं, त्यामुळे 10 मीटर दूरच्या संपर्कांसाठी दिवसभर उघडा असायचा, आणि ही चैन पुढे काही वर्षं मिळणार नाही.

परवाना आल्यावर एका मित्राने त्याचा मॅग्नेटिक लूप वापरायला दिला. एक मीटर व्यासाचं तांब्याच्या नळीचं कडं, वर व्हेरिएबल कपॅसिटर, खाली कोॲक्सला (रेडिओकडे जाणाऱ्या केबलला) जोडलेलं छोटं कडं. बाल्कनीत तिवईवर उभा केला, रात्री साडेदहाला दिवे घालवून बसले. कपॅसिटरचा नॉब केसभर फिरवला की कानातली खरखर एकदम फुगते आणि पुन्हा बसते. फुगते तीच जागा. हात मागे घेतला की ती सरकते, कारण माझा हातही त्या सर्किटचा भाग झालेला असतो. मग हात किती मागे जाणार याचा अंदाज घेऊन नॉब मुद्दाम थोडा चुकीच्या जागी सोडायचा. हे जमायला दोन रात्री लागल्या. 7.080 मेगाहर्ट्झला जुळवलं आणि कोणी 7.095 ला बोलावलं की पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या रात्री 20 मीटरवर 10 वॉटमध्ये चार संपर्क झाले आणि मी हवेत होते. 40 मीटरवर मात्र मी सगळ्यांना ऐकतेय, मला कोणी नाही. मग गणित केलं. एवढ्या कड्याचा रेडिएशन रेझिस्टन्स (लहरी बाहेर टाकण्यात किती शक्ती जाते ते दाखवणारा रोध) 14 मेगाहर्ट्झला, म्हणजे 20 मीटरवर, 0.1 ओहमच्या आसपास येतो, 7 ला, म्हणजे 40 मीटरवर, तो सोळाव्या हिश्शावर घसरतो. नळीचा स्वतःचा रोध त्या मानाने फारसा कमी होत नाही. म्हणजे 20 मीटरवर साधारण दोन तृतीयांश शक्ती बाहेर पडते आणि 40 वर जेमतेम सहावा हिस्सा. बाकीची नळी तापवते. त्यात बाल्कनीच्या स्लॅबमधलं लोखंड धरलेलंच नाही. एसडब्ल्यूआर, म्हणजे केबल आणि अँटेना किती जुळलेत ते सांगणारा आकडा (1 म्हणजे उत्तम), दोन्हीकडे 1.2! सगळी शक्ती नुसती उष्णतेत घालवणाऱ्या डमी लोडचा एसडब्ल्यूआर तर 1 असतो, हे मला परीक्षेच्या वेळेपासून पाठ होतं. अर्थ मात्र त्या रात्री कळला.

लूपचं आणखी एक. 100 वॉटला त्या कपॅसिटरवर काही हजार व्होल्ट येतात आणि जवळचं चुंबकीय क्षेत्र तीव्र असतं. माझी खुर्ची दीड मीटरवर होती, म्हणून मी 10 वॉटच्या वर गेले नाही. ज्यांच्याकडे बाल्कनीशिवाय काहीच नाही, त्यांना मी आजही लूपच सुचवेन, फक्त 20 मीटर आणि त्याच्या वरच्या बँडांसाठी. माझ्या वर मात्र गच्ची होती.

गच्चीसाठी 3 फेब्रुवारीला अर्ज दिला. त्यात मी अभिमानाने "मल्टीबँड एचएफ अँटेना उभारणीबाबत" असा विषय लिहिला होता. सहाव्या दिवशी अर्ज परत आला, त्यावर एकच ओळ: "टॉवरला परवानगी देता येत नाही." मी दोन दिवस फुगून बसले. मग लक्षात आलं, "उभारणी" हा शब्द मीच लिहिलाय, आणि "अँटेना" म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे मोबाइलचा मनोराच येतो.

दुसरा अर्ज वेगळा लिहिला. विषय: "गच्चीवर एक तार बांधण्याबाबत." गच्चीचा फोटो जोडला आणि त्यावर पेनाने तार कुठून कुठे जाईल ते काढलं. सगळ्या सामानाचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून लिहिलं, 2 किलो 300 ग्रॅम. भिंतीला भोक नाही, केबल पाइपांच्या कडेने. परवान्याची प्रत. कुणाच्या टीव्हीत किंवा स्पीकरमध्ये अडथळा आला तर या नंबरवर फोन करा, मी त्याच क्षणी थांबवेन. 23 फेब्रुवारीच्या बैठकीला तारेचा तुकडा आणि मिटवलेली फायबरग्लासची काठी घेऊनच गेले. एका वयस्कर काकांनी तार बोटांत फिरवली आणि म्हणाले, "एवढीच? मग अर्ज कशाला केलात?" सचिव हसले नाहीत, पण मंजुरी झाली. पत्र हातात यायला 13 मार्च उजाडला. मुदत तीन महिन्यांची, प्रायोगिक. विजा चमकत असताना केबल काढून ठेवायची आणि तार कुणाच्या हाताला लागेल अशी नको, अशा दोन अटी. दोन्ही मी स्वतःहून पाळल्याच असत्या.

पत्राची वाट बघताना कागदावर अँटेना निवडत होते. जिन्याच्या खोलीच्या भिंतीपासून समोरच्या कठड्यापर्यंत टेप धरला तर बरोबर 13 मीटर. त्याच्या पलीकडचा भाग माझा नाही.

ज्यांच्याकडे मी हा छंद शिकले ते काका फोनवर म्हणाले, "अगं, जी5आरव्ही टाक, विषय संपव." लुई वार्नी यांनी 1946 मध्ये केलेलं डिझाइन, काकांकडे कित्येक वर्षं आहे. पण त्याची वरची तारच 31 मीटर. "अर्धा टाक मग," काका म्हणाले. अर्धासुद्धा साडेपंधरा मीटर होतो, आणि मधून लोंबणाऱ्या लॅडर लाइनखालून (दोन समांतर तारांच्या केबलखालून) लोक संध्याकाळी फेऱ्या मारणार. नाही. ट्रॅप (बँडनुसार लांबी तोडणाऱ्या कॉइल) असलेला व्हर्टिकल, म्हणजे उभा अँटेना, दिसायला आटोपशीर, पण जमिनीवर पसरायच्या रेडियल तारांबद्दल जाहिरातीत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. चालणाऱ्यांच्या पायात तारा पसरून परवानगी एका आठवड्यात गमवायची नव्हती. फॅन डायपोलला (एकाच केबलला जोडलेल्या वेगवेगळ्या बँडांच्या तारा) मधोमध आधार हवा, आणि एका बँडची तार छाटली की दुसऱ्याची जागा हलते.

उरले दोन पर्याय, आणि त्यांत मी दहा दिवस लटकले. एक, 12.5 मीटर लांबीची रँडम वायर, 9:1 अनअन (इम्पिडन्स, म्हणजे एसी रोध, बदलणारा ट्रान्सफॉर्मर) आणि ट्यूनर (अँटेना रेडिओला जुळलेली दाखवणारा डबा). सगळे बँड मिळतात, पण तारेची लांबी कुठल्याच बँडवर अर्ध्या तरंगाच्या पटीत यायला नको, काउंटरपॉइज (परतीच्या प्रवाहासाठीची) तार हवी, आणि कोॲक्सवर एसडब्ल्यूआर चढाच राहतो, म्हणजे नुकसान केबलमध्ये. दोन, एका टोकातून फीड होणारी अर्ध्या तरंगाची तार, 49:1 ट्रान्सफॉर्मरसह. 40 मीटरसाठी ती 20 मीटर लांब लागते आणि मग 20, 15, 10 हे बँड हार्मोनिक (पटीतल्या फ्रिक्वेन्सी) म्हणून आपोआप मिळतात. माझ्याकडे 13 मीटर. पण तिचं आखूड रूप आहे: सुमारे 10.1 मीटर तार, मग 34 मायक्रोहेन्रीची कॉइल, मग जेमतेम 1.85 मीटरचं शेपूट. 20 आणि 10 मीटरवर कॉइल दार बंद केल्यासारखी वागते, पहिली 10 मीटर तारच काम करते. 40 वर कॉइल लांबीची उणीव भरून काढते. यात 15 मीटर जातो. 31 संपर्क. वहीत त्या आकड्याभोवती मी इतक्या वेळा गोल काढला की कागद फाटला. शेवटी तो बँड सोडला.

ट्रान्सफॉर्मर घरीच केला. एफटी240-43 हा फेराइट रिंग कोअर, प्रायमरी 2 वेढे, सेकंडरी 14. सात पट व्होल्टेज, म्हणून 49 पट इम्पिडन्स. वेढे मोजताना तार रिंगच्या भोकातून किती वेळा गेली ते मोजायचं. बाहेरून दिसणारे वेढे मोजून मी पहिल्यांदा 13च घातले होते. हे टांगण्याआधी कळलं, कारण सेकंडरीवर अँटेनाच्या जागी 2.2 किलो-ओहम आणि 270 ओहमचे रेझिस्टर एकापुढे एक जोडून नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजायच्या छोट्या यंत्रावर) बघितलं. इथे वायरवाउंड रेझिस्टर चालत नाही, तो स्वतःच कॉइल असतो. 7 आणि 14 ला रेषा छान सपाट, 28 ला मात्र एसडब्ल्यूआर 2.6. प्रायमरीवर 100 पिकोफॅरडचा उच्च व्होल्टेजचा कपॅसिटर लावला तेव्हा 1.4. ती रेषा खाली बसताना बघून मी एकटीच खुर्चीत उडी मारली. कॉइल 19 मिलिमीटरच्या प्लास्टिक नळीवर, 1 मिलिमीटर इनॅमलच्या तारेचे 90 वेढे, अगदी चिकटून. साठाव्या वेढ्याला फोन वाजला आणि तार हातातून सुटली. स्प्रिंगसारखी सगळी उलगडली. दुसऱ्या खेपेला दर दहा वेढ्यांवर चिकटपट्टी लावत गेले.

खर्चाचं म्हणाल तर सगळ्यात महाग पडलं कोॲक्स. तार, कोअर, डबा, काठी या सगळ्यांच्या बेरजेपेक्षाही जास्त. घरापर्यंत 25 मीटर केबल लागली. साध्या आरजी-58 मध्ये एवढ्या लांबीत 28 मेगाहर्ट्झला सुमारे 2 डेसिबल जातात, म्हणजे 100 वॉट निघाले तर वर 63 पोचतात. जाड आरजी-213 खिडकीच्या फटीतून वळेना. मधलं आरजी-8एक्स घेतलं, नुकसान दीड डेसिबलच्या आसपास.

6 एप्रिल, रविवार, सकाळी सात. गच्चीवर कोणी नसतं म्हणून ती वेळ. जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर हात पोचणार नाही अशा उंचीवर ट्रान्सफॉर्मरचा डबा, समोरच्या कठड्याला 6 मीटरची काठी बांधलेली, आणि तिच्या टोकाकडे तिरकी चढत जाणारी तार. या अँटेनाच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज सर्वाधिक असतं. हात लागला तर भाजतं, म्हणून दोन्ही टोकं उंच. काठीच्या बाजूला दोरीत एक रबरी पट्टा घातला, नाहीतर वाऱ्यात काठी वाकली की तार ताणली जाते.

तार मुद्दाम 10.5 मीटर ठेवली होती. नॅनोव्हीएनए वर नेऊन ट्रान्सफॉर्मरपाशीच मोजलं. खोलीतून मोजलं असतं तर लांब केबलच्या नुकसानीमुळे एसडब्ल्यूआर आहे त्यापेक्षा गोड दिसला असता. एसडब्ल्यूआर सगळ्यात खाली जातो ती दरी 13.6 मेगाहर्ट्झला. हवी 14.1 ला. मग 10.5 गुणिले 13.6 भागिले 14.1, म्हणजे 10.13. जादाची 37 सेंटीमीटर कापली नाही, मागे दुमडून त्याच तारेवर घट्ट पिळली. कापलेली तार वाढत नाही. आधी 20 मीटर जुळवायचा आणि मगच शेपूट छाटत 40. उलट केलंत तर दोन्ही पुन्हा करावं लागतं. 40 वर एसडब्ल्यूआर 2 च्या खाली असलेला पट्टा फक्त 80 किलोहर्ट्झ मिळाला. आखूड तारेची ती किंमत. 10 मीटरची दरी 28.6 ला, न मागता.

संध्याकाळी 80 वॉटवर 20 मीटर लावला, माइक तोंडाशी नेला आणि ओठाला मुंगी चावल्यासारखं झालं. पाच मिनिटांत फोन. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, आमच्या कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून कोणीतरी बदकासारखं बोलतंय, तूच का?" मीच. ट्रान्समीटर बंद केला आणि दोन आठवडे फक्त ऐकलं. परतीचा प्रवाह कोॲक्सच्या बाहेरच्या अंगावरून थेट माझ्या खोलीत येत होता. उपाय म्हणजे हा प्रवाह अडवणारा चोक: 31 नंबरच्या फेराइट रिंगवर पातळ कोॲक्सचे 11 वेढे. तो मी उत्साहाने ट्रान्सफॉर्मरला अगदी चिकटून लावला आणि एसडब्ल्यूआर 4 वर गेला. या अँटेनालाही थोडा काउंटरपॉइज लागतो, आणि इथे कोॲक्सचा पहिला तुकडाच ते काम करतो. तोच मी तोडला होता. 40 मीटर तरंगाच्या विसाव्या भागाएवढं, म्हणजे 2 मीटर अंतर सोडून चोक लावला तेव्हा सगळं जागेवर आलं. 20 एप्रिलला काकूंच्या घरी बसून भावाला वर 80 वॉटवर बोलायला लावलं. स्पीकरच्या वायरीवरही एक क्लिप फेराइट लावला. शांत. त्यांनी चहा टाकला होता, पण माझं लक्ष त्या स्पीकरकडेच.

40 मीटरवर अजून एस7 (रेडिओच्या सिग्नल मीटरवरचा आकडा) चा गोंगाट होता. घराचा मेन स्विच बंद केला, रेडिओ बॅटरीवर चालवला: एस4. मग एकेक सर्किट चालू करत गेले. चोर माझ्याच टेबलावर होता, वाचायच्या दिव्याचा अडॅप्टर. शेजाऱ्यांवर संशय घेण्याआधी हा प्रयोग नक्की करा.

लूप परत करण्याआधी दोन्हींची तुलना केली. एका संपर्कात "फाइव्ह नाइन" (सिग्नल उत्तम असल्याचा शेरा) मिळालं म्हणजे काही सिद्ध होत नाही. नोबेल मिळवलेले जो टेलर (रेडिओवरची त्यांची ओळख के1जेटी) यांनी 2008 मध्ये आणलेला डब्ल्यूएसपीआर हा मोड यासाठी सोन्यासारखा आहे. 1 वॉट, दोन-दोन मिनिटांचे सिग्नल, आणि जगभरची स्टेशनं कुठे किती ऐकू आलात ते आपसूक नोंदवतात. दोन संध्याकाळी एक फेरी लूपवर, एक तारेवर असं केबल बदलत बसले. दोन्ही फेऱ्या ऐकलेल्या स्टेशनांपुरती सरासरी काढली तर 20 वर तार 4 डेसिबलने पुढे, 40 वर 9. कागदावरचं गणित आणि हे इतकं जवळ आल्यावर मी वही दोनदा तपासली.

15 मीटरची रुखरुख मात्र गेली नाही. 21.2 ला एसडब्ल्यूआर 8 च्या वर. ट्यूनर तो रेडिओला 1.2 करून दाखवतो, वरच्या तारेला त्याचा पत्ताही नसतो. ट्रान्सफॉर्मर तापला, म्हणून तो नाद सोडला.

13 जूनला तीन महिने भरले. मुदतवाढीच्या अर्जाला काकूंची सही जोडली, त्यांनी स्वतःहून दिली. पत्र अजून यायचंय, पण सचिव जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तार आहे का अजून? मला दिसलीच नाही."

मागच्या रविवारी तार खाली घेतली आणि ट्रान्सफॉर्मरपासून 6.7 मीटरवर कापून तिथे एक इन्सुलेटर आणि स्पेड कनेक्टरची जोडी बसवली. जोडलं की नेहमीची अँटेना, सोडलं की 15 मीटरची अर्धी तरंगलांबी. त्यासाठी दर वेळी वर जाऊन काठी उतरवावी लागते. परवानगीच्या पत्रात "एक तार" असं लिहिलंय. तार एकच आहे. शनिवारी सकाळी जोड सोडून बघणार आहे.